शोधावे कसे?

‘ग्रंथालयात काही मिळत नाही’ ही आपल्याकडची जुनीच तक्रार. एके काळी ती खरीही होती. एका लेखासाठी नागपूरची वारी करावी आणि नेमका तोच अंक बांधणीला गेलेला असावा, हे ठरलेले. आज ‘शोधगंगा’ उघडली की देशभरचे प्रबंध समोर येतात, तरीही तक्रार कायम आहे. माझ्या मते याचे कारण एवढेच की, शोधावे कसे हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही.

घरचेच उदाहरण घ्या. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. सेवाग्राम वर्ध्यापासून अवघे आठ किलोमीटर. पण ‘नई तालीम’ एवढेच टाइप करून थांबणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. याच गोष्टीला त्या काळचे इंग्रजी लेखक ‘वर्धा स्कीम’ म्हणत, कुणी ‘बेसिक एज्युकेशन’ म्हणे. समितीचा अहवाल हवा तर झाकीर हुसेन हे नाव घालावे लागते. रोमन लिपीत ‘नई’चे स्पेलिंगही एक नाही! ही सारी नावे आलटूनपालटून घातली की लेख बाहेर येऊ लागतात. त्यातला एक बरा लेख सापडला की त्याच्या तळटीपा पुढची वाट दाखवतात. ‘हरिजन’चे जुने अंक तर ‘गांधी हेरिटेज पोर्टल’वर फुकट वाचता येतात.

पैशाची अडचण मात्र खरी आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. आणि आपल्या जिल्ह्यातील बहुतेक कला महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची आहेत. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? निदान ‘इन्फ्लिबनेट’ची ‘एन-लिस्ट’ सेवा महाविद्यालयांसाठीच आहे. तिचे सभासदत्व घेऊन प्रत्येक विद्यार्थ्याला पासवर्ड मिळावा.

मराठीची स्थिती याहून बिकट. शोधगंगेवरील कितीतरी मराठी प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे. त्यातला शब्द संगणकाला वाचता येत नाही. शीर्षकही पुष्कळदा रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तसे लिहिलेले. मराठी नियतकालिकांतील मोलाचे लेख या शोधात येतच नाहीत. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची प्रचंड सूची सिद्ध केली, ती संगणकाशिवाय! आपल्या हाती संगणक असून आपण काय केले?

गुरुजनांना विनंती आहे की पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास या कामासाठी ठेवावा. मराठी विभागाच्या कपाटात ‘नवभारत’चे जुने अंक धूळ खात पडले आहेत. लेखक, शीर्षक, महिना, पृष्ठ, एवढी नोंद करायला दोन विद्यार्थी आणि एक दिवाळीची सुट्टी पुरे.