नदीचे पाणी कशासाठी, हे आधी ठरवा

वुजूच्या पाण्याचा नियम आपण लहानपणीच शिकतो. वाहत्या पाण्याचा रंग, वास आणि चव घाणीने बदलली नसेल तर ते पाक. पंचगंगेच्या घाटावर उभा राहिलो की मला हा नियम आठवतो. पण पाणी नितळ दिसले म्हणून निर्धोक ठरत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. काविळीचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. त्यासाठी तपासणीचे आकडे लागतात.

हे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याच्या वापराप्रमाणे ठरवले आहेत. शुद्धीकरण करून प्यायच्या नदीच्या पाण्यात १०० मिलीलिटरमागे ५,००० पर्यंत कोलिफॉर्म जिवाणू चालतात. आंघोळीच्या पाण्यात मात्र फक्त ५००. वाचून नवल वाटेल, पण कारण साधे आहे. पिण्याचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून जाते. नदीत बुडी मारणाऱ्याच्या मध्ये कोणतेही केंद्र नसते.

आता कोल्हापूरचे पाहा. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले. आनंदच आहे. इचलकरंजीलाही दूधगंगेचे पाणी हवे आहे आणि दूधगंगाकाठचे शेतकरी त्याला विरोध करत आहेत. प्रत्येक शहर आपली नदी सोडून दुसऱ्याच्या नदीकडे निघाले आहे. पाणी दुसरीकडून आणले तरी सांडपाणी मात्र पंचगंगेतच जाते. ‘आता हे पाणी पितो कोण?’ असे एकदा म्हटले की निकष सैल करायला वाट मोकळी होते.

पण नदीकाठची गावे कुठे जाणार? नरसोबाच्या वाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे भाविक स्नान करतात. मोहरमचे ताबूत पंचगंगेच्याच घाटावर येतात. म्हणून माझे म्हणणे असे, की पिण्याचा वापर कमी झाला तरी पंचगंगेला आंघोळीचाच निकष लावावा. दर महिन्याचा तपासणीचा आकडा आणि त्याशेजारी मर्यादेचा आकडा, दोन्ही घाटावर मराठीत फळ्यावर लिहावेत.

पाणवठ्यावर घाण करू नका, ही पैगंबरांची शिकवण आहे. आपल्या घरातले सांडपाणी खालच्या गावाच्या पाणवठ्यावर पोहोचते, हे आपण विसरतो. वुजू करताना नळ जपून सोडणाऱ्याने, तेच पाणी पुढे कुठे जाते हेही विचारायला हवे.