नामनिर्देशन झाले, मृत्युपत्राचे काय?

'नॉमिनीचे नाव दिले आहे, आता चिंता नाही,' असे अनेक ठेवीदार निःशंकपणे म्हणतात. हा समज अपुरा आहे. ठेवीदाराच्या पश्चात बँक नामनिर्देशित व्यक्तीस रक्कम देऊन जबाबदारीतून मुक्त होते. परंतु ती व्यक्ती त्या रकमेची मालक होत नाही, वारसांचा हक्क अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार खटल्यात स्पष्ट केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्यास चारपर्यंत नावे देता येतात. तरी मूळ प्रश्न कायम आहे.

म्हणून माझ्या मते मृत्युपत्र हवेच आणि त्याची भाषा नेमकी हवी. 'माझे सर्व काही मुलांना' अशा मोघम वाक्यातून भावंडांचे दावे उभे राहतात. कोणती ठेव, कोणत्या शाखेत, कोणास किती हिस्सा, पुढे मिळणाऱ्या मालमत्तेचे काय, हे स्वच्छ लिहावे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ ज्यांना लागू आहे, त्यांच्या मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे.

वाचकहो, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र परस्परांशी जुळतात ना, हे आजच तपासावे. आपल्या पश्चात घर एकत्र राहावे, यासाठी एवढे कष्ट थोडेच आहेत.