उद्याची नावे कोण ठरवणार?

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने मान्यता दिली आणि औरंगाबाद हे छत्रपती संभाजीनगर झाले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी संभाजीनगर हे नाव याच शहरात १९८८ मध्ये घोषित केले होते. मधल्या पस्तीस वर्षांत मंत्रिमंडळांचे ठराव झाले, न्यायालयात दावे चालले, सरकारे आली आणि गेली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. एका नावासाठी एक पिढी म्हातारी झाली. ‘नावात काय आहे?’ असे उपहासाने विचारणाऱ्यांना या शहराने पस्तीस वर्षे एकच उत्तर दिले : नावात स्मृती आहे, आणि ज्या समाजाची स्मृती जाते, त्याचे सर्वस्व जाते.

हे उत्तर योग्यच होते. मात्र ते देणाऱ्यांनी आता आपल्या घरातील पाळण्याकडेही एकदा पाहावे. सिडको, गारखेडा, समर्थनगर यांसारख्या मराठी मध्यमवर्गीय वस्त्यांतील बालवाडीचा हजेरीपट वाचला, तर आरव, विहान, रेयांश, कियांश, कियारा, मायरा अशी नावे ओळीने कानावर पडतात. संभाजीनगर या नावासाठी घोषणा देणाऱ्या घरांतूनही हीच मुले शाळेत येतात. शहराचे नाव अर्थासाठी आणि पोटच्या मुलाचे नाव आवाजासाठी, ही विसंगती कोणालाच खटकू नये, याचे आश्चर्य वाटते.

भाकीत करणे सोपे का झाले?

पुढील पाच-दहा वर्षांत कोणती नावे चलनात येतील, याची भाकिते हल्ली हौसेने केली जातात. ती बऱ्याच अंशी खरीही ठरतात. कारण नावे घरात ठरेनाशी झाली आहेत. पडद्यावरील नायक, एखाद्या ताऱ्याचे नवजात अपत्य, मालिकेतील सून आणि भ्रमणध्वनीवर मिळणाऱ्या नावांच्या याद्या, एवढ्यांवर लक्ष ठेवले की उद्याचा हजेरीपट आज लिहिता येतो.

नावांची लाट ही काही आजची गोष्ट नाही. कवी रमेश तेंडुलकर यांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरील प्रेमामुळे धाकट्या मुलाचे नाव सचिन ठेवले. पुढे तो मुलगा क्रिकेटच्या मैदानात उतरला आणि घरोघरी सचिन जन्माला आले. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात सुभाष हे नाव असेच पसरले. पण त्या लाटांच्या मुळाशी कोणाविषयी तरी आदर होता. ‘तुझे नाव असे का?’ या प्रश्नाला त्या मुलांकडे उत्तर होते. आजच्या लाटेत मुळाशी आहे ती केवळ ‘वेगळे नाव हवे’ ही हाव. सर्वांनाच वेगळे नाव हवे असते, सर्वजण एकाच यादीत ते शोधतात आणि मग एकाच वर्गात तीन आरव एका बाकावर बसतात!

अर्थाची थट्टा

या याद्या अर्थाची कशी वासलात लावतात, हे पाहण्यासारखे आहे. ‘आरव’ म्हणजे शांत, असे त्या सांगतात. संस्कृत कोशात ‘आरव’ म्हणजे आवाज, ओरडा. (तान्ह्या बाळाला तो अर्थ शोभतो, ही गोष्ट निराळी.) ‘कियांश’ला तर कोणी देवाचा अंश ठरवून टाकले आहे. संस्कृतात ‘कियत्’ म्हणजे किती. त्याला अंश जोडला तर ‘कियदंश’ होईल, म्हणजे ‘कितीसा भाग?’ मुलाला आयुष्यभर हा प्रश्न गळ्यात बांधून हिंडावे लागेल. शिवांश हा शब्द सार्थ आहे. पण त्याचे शेपूट तोडून ते वाटेल त्या अक्षराला चिकटवणे म्हणजे नामकरण नव्हे. ‘मायरा’ हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्या कवितेतील प्रेयसीसाठी वापरात आणले. ‘कियारा’चे नाते आयर्लंड आणि इटलीतील नावांशी सांगितले जाते. परकीय नाव ठेवणे हा गुन्हा नाही. पण ते आपल्या परंपरेतील एखाद्या देवीचे म्हणून खपवले जावे आणि आई-बापांनी शब्दकोश न उघडता ते स्वीकारावे, यात आधुनिकताही नाही आणि अभिमानही नाही. यात आहे तो निव्वळ आळस.

आद्याक्षराचा हट्टही असाच. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढायचे आणि त्यावरून व्यवहारातले नाव शोधत बसायचे, हा आता जणू शास्त्राचा आदेश मानला जातो. अवकहडा चक्रात आर्द्रा नक्षत्राला ‘ङ’ आणि उत्तरा भाद्रपदेला ‘ञ’ ही अक्षरेही येतात. त्या अक्षरांवरून कोणते नाव ठेवणार? जुन्या जाणत्यांनी नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम वेगळे ठेवले, ते उगाच नाही. अक्षराच्या हट्टापायी अर्थ सोडणे हे धर्माचरण नव्हे.

पतंजलींचा निकष

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. पारस्कर गृह्यसूत्राने त्याचे नियम घालून दिले आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच व्याकरण का शिकावे हे सांगताना मुलाच्या नावाचा दाखला दिला. याज्ञिकांचा नियम त्यांनी नोंदवला आहे : मुलाचे नाव घोषवर्णाने सुरू व्हावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा, ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि धातूपासून बनलेले कृदन्त असावे. हे व्याकरणावाचून कसे कळणार, असा त्यांचा सवाल आहे. शास्त्रग्रंथांतून पुनःपुन्हा भेटणारा ‘देवदत्त’ या कसोटीवर पुरेपूर उतरतो. म्हणजे नाव ठेवणाऱ्याला भाषा आली पाहिजे, ही अपेक्षा दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

त्या नियमात आणखी दोन अटी आहेत. नाव तीन पिढ्यांच्या पूर्वजांना अनुसरणारे असावे आणि ते शत्रूच्या घरी रुजलेले नसावे. दुसऱ्या अटीचा अर्थ या शहराइतका कोणाला कळावा? मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने १६५३ मध्ये स्वतःचे नाव दिले आणि त्याच औरंगजेबाने १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली. शहराने ते नाव टाकले, ते याच न्यायाने.

पहिली अट मात्र आपण विसरलो. शिवरायांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. पुरंदरावर १६५७ मध्ये जन्मलेल्या पुतण्याला त्यांचेच नाव मिळाले. बाळाजी विश्वनाथांचे नाव त्यांचा नातू बाळाजी बाजीराव याने चालवले. नातवात आजोबा पुन्हा घरात येतात, ही मराठी घराची श्रद्धा होती. आज आजीचे नाव ‘जुनाट’ म्हणून तिच्यासमोरच नाकारले जाते आणि तेच नाव एखाद्या अभिनेत्रीच्या मुलीला मिळाले की ‘किती गोड’ म्हणून डोक्यावर घेतले जाते.

परंपरेची दुसरी बाजू

जुने ते सर्वच सोने, असा याचा अर्थ नाही. आपल्याच समाजाने नको असलेल्या मुलीला ‘नकोशी’ म्हटले. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नावात काहीच नसते, तर त्या मुलींना ते बदलून घ्यावेसे का वाटले असते? निरर्थक नाव मुलाला काही देत नाही आणि अपमानाचे नाव त्याच्याकडून हिरावून घेते. परंपरेतील हा दोष समाजाने स्वतःच दुरुस्त केला, हेच जिवंत समाजाचे लक्षण आहे.

दुसरी एक दुरुस्ती शासनाने केली. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते. काहींनी नाके मुरडली. त्यांनी याच जिल्ह्यातील पैठणचा इतिहास वाचावा. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजांनी स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असे म्हणवून घेतले आणि ते शिलालेखांत कोरून ठेवले. आईचे नाव मिरवण्यात त्या सम्राटांना कमीपणा वाटला नाही.

पाळण्याजवळ विचारायचे प्रश्न

तेव्हा पुढची लाट कोणती? ‘अंश’ आणि ‘आरव’ यांना लवकरच शिळेपणा येईल, कारण वेगळेपणाच्या हौसेवर उभे राहिलेले नाव सर्वांचे झाले की टाकाऊ होते. मग पणजीच्या पिढीतील रमा, उमा, जानकी, गोदा आणि माधव, केशव परततील. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. त्यानंतर शंभूराज, शिवराज, येसू अशी नावेही पाळण्यात वाढतील. याचा आनंद जरूर मानावा; परंतु तीही पडद्यावरूनच उतरली आणि घरात त्यामागची कथा कोणी सांगितली नाही, तर ती दुसऱ्या चित्रपटाबरोबर वाहून जातील. मुलाचे नाव शंभूराज ठेवायचे आणि त्याला मराठीत चार ओळी वाचता येऊ नयेत, याने महाराजांचा सन्मान होत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून देशात जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंतचा मूळ आधार झाला आहे. दाखल्यावर नाव नोंदवण्यासाठी कायदा विलंबशुल्काशिवाय बारा महिन्यांचा अवधी देतो. यादी चाळून तासाभरात निकाल लावण्याची घाई कशासाठी? बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. या नावाचा अर्थ कोशात आहे काय? ते घरातील वा समाजातील कोणाची आठवण ठेवते? मूल दहा वर्षांचे होऊन ‘माझे नाव असे का?’ म्हणून विचारील, तेव्हा त्याला सांगण्याजोगी गोष्ट आपल्याजवळ आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरात मिळतील, त्या घरातील नावाचे भाकीत कोणत्याही बाजाराला करता येणार नाही. शहराच्या नावासाठी पस्तीस वर्षे थांबलेल्या समाजाला पोटच्या लेकरासाठी एवढे सहज जमले पाहिजे.