लिहिणं शिकवता येतं

आमच्या गोरेगावच्या फिल्मसिटीत पटकथालेखनाचे रीतसर वर्ग चालतात. मुलं फी भरून शिकतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण मराठीत कविता-कादंबरी लिहायला शिकवा म्हटलं, की लगेच ऐकू येतं, ‘प्रतिभा उपजतच असावी लागते.’ मला हे पटत नाही. कारण या समजुतीची किंमत आपल्या मोहल्ल्यातली मुलं मोजतात.

विलास सारंग यांची कारकीर्द इथं आठवावी. १९४२ साली कारवारला जन्मलेले आणि २०१५ साली गेलेले सारंग मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत कविता, कथा, कादंबरी लिहीत. पेशा मात्र शिक्षकाचा. मुंबई विद्यापीठात ते इंग्रजीचे विभागप्रमुख होते. इराकमध्ये बसऱ्याला आणि पुढे कुवेतलाही त्यांनी शिकवलं. बसऱ्याच्या त्या वर्षांतून ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी आली. कोकणातल्या किती मुस्लिम घरांतली माणसं आखातात राबली! त्यांच्याकडे अनुभव कमी होता का? तो कागदावर कसा उतरवायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं.

सारंगांनी पुढे ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ हे पुस्तक लिहिलं. लेखन कसं घडतं, हा प्रश्न त्यांनी दैवावर सोडला नाही, त्यावर विचार केला. मला त्यांचं हे काम कादंबरीइतकंच मोलाचं वाटतं.

उर्दूत तर उस्ताद-शागिर्दाची परंपराच आहे. गालिब शागिर्दांच्या गझला पत्रांतून दुरुस्त करून पाठवत. तरुण इक्बाल यांनी दाग देहलवींकडून टपालानं इस्लाह घेतली. त्यामुळे त्यांची प्रतिभा उणी ठरली नाही.

ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे, त्याला ही तालीम न मागता मिळते. आपला मुलगा घरी दखनी किंवा कोकणी बोलतो, शाळेत मराठी लिहितो आणि ‘माझी भाषा अशुद्ध’ म्हणून वही मिटतो. त्याला प्रतिभेचं प्रवचन नको, उस्ताद हवा.

गणित-इंग्रजीच्या ट्यूशन गल्लोगल्ली आहेत. आठवड्यातून एक तास मराठी लेखनाला द्या. एकानं वाचावं, बाकीच्यांनी ते कुठं अडखळले ते सांगावं, मग त्यानं पुन्हा लिहावं. आपल्या वस्त्यांवर दुसरे लिहितात तेव्हा आपण चिडतो. त्या चिडीपेक्षा हा एक तास जास्त कामाचा आहे.