तेरच्या संग्रहालयात पोरं येऊ द्या

धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली रायगडाला जातात, महाबळेश्वरला जातात, अलीकडे वॉटर पार्कलाही जातात. जाऊ द्यात. पण शहरापासून वीसेक किलोमीटरवर असलेलं तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय दहावी होईपर्यंत एकदाही न पाहिलेली पोरं माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत. असंच चाललं तर इमारत राहील, कपाटं राहतील, कपाटांची कुलपंही राहतील. बंद पडेल ती पोरांची तिथली ये-जा. ती वाचवायची आहे.

हा संग्रह मुळात सरकारने जमवलेला नाही. लामतुरे हे तेरचे व्यापारी. गावाच्या पांढरीत पाऊस पडून गेला की मणी उघडे पडायचे, माती उकरताना खापरं, मूर्ती, नाणी हाताला लागायची. बाकीच्यांच्या लेखी तो कचरा. लामतुऱ्यांनी तो वेचला, सांभाळला, आणि पुढे तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे येऊन संग्रहालय उभं राहिलं. एका गावकऱ्याच्या हौसेतून ही शाळा निघाली, मग तिला विद्यार्थी मिळवून देणं हेही गावकऱ्यांचंच काम.

आणि शाळा म्हणावी असंच तिथं आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात तेरचा उल्लेख ‘तगर’ म्हणून येतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचं. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती वीतभरही नाही. पण तिच्याच घराण्यातली एक मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली, म्हणजे इसवी सन 79 च्या आधीच ती तिथं पोचली होती. इतिहासाच्या पुस्तकात ‘सातवाहनांचा रोमशी व्यापार’ एका ओळीत संपतो. इथं तो डोळ्यांसमोर येतो.

माझी आवडती वस्तू मात्र हस्तिदंताची नाही, मातीची आहे. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्यावरून साच्यात काढलेली मातीची पदकं तेरला सापडली आहेत. दोऱ्यात ओवायला वर कडी. ज्यांना सोन्याचं नाणं परवडत नव्हतं ते त्याची मातीची नक्कल गळ्यात घालत असणार. जत्रेतल्या खोट्या दागिन्यांवर भाव करणाऱ्या सातवीतल्या पोरीला हे सांगून बघा. सातवाहन काळ तिला दुसऱ्यांदा समजवावा लागणार नाही. शंखाच्या बांगड्यांपाशी विचारा, ‘तेरणेत शंख मिळतात का रे?’ नाही म्हटल्यावर मग हे आले कुठून, इथून पुढे पोरंच बोलतात.

पण हे विचारणारं कुणीतरी हवं. मी पाहिलेल्या एका सहलीत साठ-सत्तर मुलं रांगेत आत गेली, ‘हात लावू नका, पुढं सरका’ एवढं ऐकून रांगेतच बाहेर आली आणि आवारात डबे उघडून बसली. शिक्षकांना दोष देत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत कला शिकवायला अंशकालीन निदेशक सांगितला, तोही पट शंभरच्या वर असेल तर. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट शंभर कुठून असणार? तिथं चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा. हायस्कुलात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसतात, पण बरीचशी दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून, आणि वस्तुचित्राला समोर तोच प्लॅस्टिकचा जग नि तेच सफरचंद. त्याऐवजी दोन हजार वर्षांपूर्वीचं मडकं समोर ठेवून बसवा की! तेरच्या पोकळ मूर्ती पुढचा-मागचा असे दोन साचे जोडून केल्या आहेत. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या पोरांना ही युक्ती दाखवायला एक दुपार पुरे, आणि गाव तर गोरोबा कुंभारांचं. मातीला काय तोटा?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून बसमध्येच संग्रहालय मांडून ती शाळांच्या दारी न्यायला सुरुवात केली. आपल्याला बसही सजवायची नाही. एसटी शाळेच्या सहलीला निम्मं भाडं घेते, वस्तू इथंच आहेत. कमी आहे ती माणसांची. निवृत्त चित्रकला शिक्षकांनो, इतिहासाच्या प्राध्यापकांनो, महिन्यातला एक शनिवार तेरला द्या. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या धाराशिवकरांनी आपल्या जुन्या शाळेच्या एका वर्गाचं एसटीभाडं भरावं. पुतळ्याच्या वर्गणीपेक्षा कमीच पडेल. आणि पुरातत्त्व संचालनालयाकडे आपण सगळ्यांनी मिळून एकच मागणी लावून धरावी: मुलांना वस्तू समजावून सांगणारा, त्याच कामाचा एक पूर्णवेळ माणूस तेरला हवा.

संग्रहालय दिन 18 मे रोजी येतो. तेव्हा शाळांना सुट्टी आणि मराठवाड्यात बेचाळीस अंशांचं ऊन, त्यामुळे तो सोडून द्या. आपला मुहूर्त 19 ते 25 नोव्हेंबरचा, जागतिक वारसा सप्ताहाचा. सहली दिवाळीनंतर निघतात, पण ठिकाणं त्याआधीच ठरतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. दिवाळीपूर्वीच्या बैठकीत त्यांनी तेरचा विषय काढावा, आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा.