परवडत नाही, पण कुणाला?

एम. एस्सी. नर्सिंग मुंबईच्या नामांकित कॉलेजात करू की जवळच्या स्वस्त कॉलेजात, असं शहाद्यातल्या मुली मला विचारतात. मी म्हणते, नावाला भुलू नका. दोन्ही कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असली तर पदवी एकच. रुग्णालयात खाटा किती, शिकवतं कोण, ते जाऊन बघा.

पण ‘परवडत नाही’ असं घरात म्हणतं कोण? या प्रवेशाला नोकरीचा वर्षभराचा अनुभव लागतो. म्हणजे विचारणारी कमावती आहे! रात्रपाळ्यांचा तिचा पगार भावाच्या फीत गेला, तेव्हा कुणी वही उघडली नाही. १९७०च्या दशकात याच तालुक्यातल्या आदिवासी बायांनी दारूचे गुत्ते फोडले, ते घामाचा पैसा तिथे जिरत होता म्हणूनही ना? मग कॉलेज निवडण्याआधी तिच्या पगाराचा हिशेब घरात मागायला आपण तिच्यासोबत जाऊ या.