बासी ईद आणि आपलं वजन

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आपल्याकडे बासी ईद म्हणतात आणि तिसऱ्याला तिवासी. आदल्या दिवशी ज्यांच्याकडे जाणं झालं नाही त्यांच्याकडे जायचं, लेकी-जावयांना जेवायला बोलवायचं, पातेल्यात उरलेला शीरखुर्मा संपवायचा. रिवाज गोड आहे, तो मोडावा असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ म्हणून सांगितलेल्या माणसाची खरी परीक्षा ईदच्या दिवशी नसते, ती बासी ईदेच्या सकाळी सुरू होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

विषय घरगुती वाटेल, पण हलका नाही. आज आपल्या मोहल्ल्यात साखरेच्या किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी नसलेलं घर शोधावं लागतं. चाळिशीतच बायकांचे गुडघे बोलू लागतात, नमाज खुर्चीवर येते. अशा माणसांसाठी पाच-सात किलो वजन कमी होणं ही हौस नाही, इलाजाचा भाग आहे. म्हणून अनेक जण रमजानचा मुहूर्त धरतात. रोजे आहेतच, सोबत वजनही उतरेल, असा हिशेब असतो.

तो हिशेब काही प्रमाणात खरा आहे. रमजानमधल्या वजनावर जगभर झालेल्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. महिनाभराच्या रोज्यांनी सरासरी सव्वा किलोच्या आसपास वजन घटतं, असं त्यात दिसलं. मात्र रमजाननंतरच्या दोनेक आठवड्यांत त्यातलं निम्म्याहून जास्त परत येतं, हेही त्यातच दिसलं. म्हणजे महिन्याची कमाई पंधरवड्यात खर्च. हा खर्च नेमका कुठे होतो?

थोडं गणित करू. शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. समजा ईदच्या दिवशी एखाद्याने बिर्याणी, कबाब, शीरखुर्मा आणि चार घरची मिठाई मिळून गरजेपेक्षा १,५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. त्याची चरबी भरते दोनशे ग्रॅम. फक्त दोनशे. हाच माणूस ‘आता मोडलंच आहे, पुढच्या सोमवारपासून बघू’ म्हणत सात दिवस तसाच जेवत राहिला, तर बेरीज होते १०,५०० कॅलरी, म्हणजे सव्वा किलोच्याही पुढे. एका दिवसाच्या ईदेची किंमत दोनशे ग्रॅम आणि आठवडाभराच्या बासी ईदेची किंमत अख्खा रमजान.

पण सकाळी वजनकाट्यावर उभं राहिलं की हे गणित कुणाला आठवत नाही. काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो आणि माणूस हादरतो. ती चरबी नसते. बिर्याणी-कबाबातल्या मिठाने शरीरात पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-साखरेचा काही भाग शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय आतड्यात असलेल्या अन्नाचं वजन असतंच. नेहमीचं जेवण सुरू झालं की हे चार-पाच दिवसांत आपोआप उतरतं. तेव्हा बासी ईदेला काट्यावर चढूच नये. त्या दिवशी काटा जे सांगतो ते खोटं नसतं, पण अर्धवट असतं आणि अर्धवट माहितीवर माणसं चुकीचे निर्णय घेतात.

हे निर्णय दोन प्रकारचे असतात. एक, ‘सगळं वाया गेलं’ म्हणून हात सोडून देणं. दोन, स्वतःला शिक्षा करणं, म्हणजे दोन दिवस नुसतं लिंबूपाणी, मोबाइलवर आलेला ‘सात दिवसांत पाच किलो’चा नुस्खा, नाहीतर कुणीतरी विकत असलेली पावडर. वरवर हे उलट रस्ते वाटतात, पण दोन्ही एकाच चौकात येऊन मिळतात.

पहिल्या प्रकारावर १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी एक प्रयोग केला. काही जणांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम समोर ठेवलं. खाण्यावर बंधन न पाळणाऱ्यांनी पोट भरलेलं असल्याने आइस्क्रीम कमी खाल्लं. जे एरवी मोजूनमापून खायचे त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्तच खाल्लं. पोट भरलेलं होतं, पण नियम मोडला होता आणि नियम मोडल्यावर थांबायचं कारणच उरलं नव्हतं. शिक्षेच्या रस्त्याचं उत्तर त्याहून जुनं आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या मनात दिवसरात्र अन्नच घोळू लागलं. पुढे पोटभर जेवण मिळू लागल्यावरही कित्येक जण पोट तुडुंब भरलेलं असताना भूक शमत नाही म्हणून खात राहिले. उपासमारीनंतर शरीर वसुली करतं. बासी ईदेला उपाशी राहिलेला माणूस तिवासीला दुप्पट जेवतो, तेव्हा त्याची नियत कमजोर नसते, शरीर आपलं काम करत असतं.

आपल्या महाराष्ट्रात आहारावर वाद कमी झालेले नाहीत. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित दोन वेळाच जेवा म्हणाले. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि आपल्या मातीतलं खा म्हणाल्या. दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडले. मला त्या वादात पडायचं नाही. कुठलाही आहार घ्या, लग्न, ईद, उरूस, दिवाळीचा फराळ यातल्या कशाने तरी तो मोडणारच आहे. मोडल्यावर पुढच्या जेवणाला काय करायचं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आपल्याकडे याचं उत्तर आधीपासून आहे आणि ते आपण दुसऱ्या ठिकाणी रोज वापरतो. फजर चुकली म्हणून कुणी जोहर सोडत नाही. कजा अदा करतो आणि पुढची नमाज वेळेवर पढतो. आजारपणात किंवा सफरमध्ये रोजा सुटला, तर जेवढे सुटले तेवढेच नंतर ठेवायचे, दुप्पट नाही. रोज्यात भुलीने काही खाल्लं गेलं तर? लहान पोरालाही माहीत असतं की आठवलं त्या क्षणी थांबायचं आणि रोजा पुरा करायचा. ‘आता खाल्लंच आहे तर जेवूनच घेतो’ असं कुणी म्हणत नाही. वजन उतरवणं ही इबादत नाही, कबूल. जास्त जेवण्याला गुनाहचं रूप देऊन घाबरवणंही मला मान्य नाही. पण चूक आणि पुढचं पाऊल यांची गाठ कशी सोडवायची, ही अक्कल ज्या समाजाला लहानपणापासून शिकवली जाते, त्याने ती दस्तरखानावर विसरावी याचं नवल वाटतं. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस आपण दावतीत एकमेकांना ऐकवतो आणि वर आणखी एक चमचा वाढतो.

हे मी सुरगाण्यात बसून लिहितोय, म्हणून एक प्रश्न टाळता येत नाही. गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा डोंगरी, आदिवासी तालुका. भात, नागली, वरई, खुरासणी ही इथली पिकं. पाऊस संपला की माणसं कामासाठी द्राक्षबागांच्या पट्ट्यात जातात. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांमध्ये या तालुक्याची माणसं मोठ्या संख्येने होती. जिथे पोरांच्या कुपोषणाची चर्चा होते, तिथे जास्त खाल्ल्याची चिंता हे भरल्या पोटाचं दुखणं नाही का?

अर्धं आहे, पण अर्धंच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगाला दाखवून दिली. २००४ साली त्यांनी आपला आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, असा त्याचा अर्थ. पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या त्यांच्या अभ्यासात तर कमी वजनाच्या नवजात बाळांतही तुलनेने जास्त चरबी आढळली. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ पुढे मधुमेह होऊन उभी राहू शकते. म्हणजे कुपोषण आणि साखर ही दोन वेगळ्या माणसांची दुखणी नाहीत. एकाच माणसाच्या आयुष्याची ती दोन टोकं असू शकतात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात आणि कमरेची मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० धरतात.

आता बायकांविषयी, कारण बासी ईदेचा सगळ्यात मोठा बोजा त्यांच्या ताटात पडतो. ईदच्या दिवशी सगळ्यांना वाढून झाल्यावर दुपारी चारला जेवणारी बाई दुसऱ्या दिवशी उरलेलं संपवते. रिज्क वाया जाऊ नये ही तिची भावना खरी आहे. पण गरजेपेक्षा जास्तीचं अन्न पोटात ढकललं तरी ते वायाच जातं, वर औषधाचा खर्च मागे ठेवतं. उपाय सोपा आहे. पाहुणे उठले की पातेलं फ्रीजमध्ये ठेवण्याआधी डबे भरा. शेजारी, मदरशातली मुलं, बसस्टँडवर बसलेली कामाची माणसं, कुणालाही द्या. मात्र ताजं असताना द्या. तिसऱ्या दिवशीची बिर्याणी देणं म्हणजे सदका नव्हे, आवराआवर. बकरी ईदेला गोश्ताचे तीन हिस्से करण्याची रीतही हेच शिकवते. मोठे फ्रीज आले आणि तीन हिश्शांतला घरचा हिस्सा फुगत गेला, हे आपण एकमेकांना तोंडावर सांगत नाही एवढंच.

मग बासी ईदेला करायचं काय? माझ्या मते फारसं काहीच नाही, आणि तेच अवघड आहे. सकाळी नेहमीच्या वेळी नेहमीचा नाश्ता. भूक नसेल तर थोडा, पण उपास नको. दुपारी भाजी, डाळ, भाकरी. इथल्या नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी उत्तम. नागली जादू नाही, तिच्यातही गहू-तांदळाच्या जवळपासच कॅलरी असतात. पण तिच्यात चोथा भरपूर आणि १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि एक-दीड भाकरीत पोट भरल्याचं समजतं. पाणी नेहमीसारखं. अर्धा तास चाला, पण खाल्लेलं ‘जाळायला’ दोन तास नको. भेटायला गेलात तर एका घरी शीरखुर्मा घ्या, दुसऱ्या घरी पाणी. ‘एवढंसं तर घ्या’ म्हणणाऱ्या खालाजान रागावतील, पण संध्याकाळपर्यंत विसरतील. वजन बघायचं ते पाच दिवसांनी.

दोन सूचना मात्र गंभीरपणे घ्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आदल्या दिवशीची भरपाई म्हणून जेवण कधीही टाळू नये. साखर अचानक उतरली तर जिवावर बेतू शकतं. आणि कुणी वारंवार, लपून, थांबताच येत नाही असं खात असेल आणि नंतर उलट्या काढत असेल, तर तो हावरटपणा नाही, आजार आहे. त्याला टोमणे नकोत, डॉक्टर हवा.

वजन उतरवण्याच्या रस्त्यावर वर्षात दहा-बारा दावती येणारच. त्या दहा-बारा दिवसांनी कुणी जाड होत नाही. त्यांच्यामागून येणारे ‘आता काय फायदा’वाले दिवस माणसाला जाड करतात. ईद मनापासून साजरी करा, पोटभर जेवा, गळाभेट घ्या. फक्त बासी ईदेच्या दुपारी ताटात साधी भाकरी असू द्या.